मार खाऊन टणक होणारं स्टील

लोकल स्टेशनातून निघून एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाते, तेव्हा पायाखाली जोरात खडखडाट होतो. आज तिथलीच गोष्ट. त्या जागी एक रूळ दुसऱ्याला छेदतो आणि चाकाची कड जावी म्हणून रुळात फट सोडलेली असते. प्रत्येक चाक ती फट ओलांडतं आणि पुढच्या टोकावर आदळतं. या तुकड्याला क्रॉसिंग म्हणतात. आपल्याकडे तो बऱ्याच ठिकाणी ओतीव मँगनीज स्टीलचा असतो.

हे स्टील शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने 1882 मध्ये शोधलं. लोखंडात साधारण 12-13 टक्के मँगनीज आणि सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन. गंमत म्हणजे चुंबक याला चिकटत नाही. (ट्रॅकवर जाऊन ट्राय करू नका, प्लीज.) नवं असताना ते तसं मऊ असतं, ब्रिनेल मापावर 200 च्या आसपास. चाकांचा मार खाऊन वरचा थर 500 च्या जवळ जातो.

हे होतं कसं? धातू वाकतो तेव्हा आत अणूंचे थर सरकतात, पण सगळे एकदम नाही. अंथरलेली सतरंजी सरकवायची तर आपण एक सुरकुती पाडतो आणि ती पुढे ढकलत नेतो, तसं. या सुरकुतीला डिस्लोकेशन म्हणतात. ती सहज पळाली की धातू मऊ.

मँगनीज स्टीलमध्ये ताण वाढला की आणखी एक गोष्ट घडते. स्फटिकातला एक पातळ पट्टा असा झुकतो की तिथली अणूंची मांडणी शेजारच्या मांडणीचं आरशातलं प्रतिबिंब होते. म्हणून त्याला ट्विन, म्हणजे जुळा, म्हणतात. हे पट्टे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतके बारीक असू शकतात. भावाभावांत वाटणी झाली की वाड्याच्या मोठ्या दालनात भिंती उभ्या राहतात ना, तसंच इथे होतं. मोकळी पळणारी सुरकुती आता प्रत्येक भिंतीवर अडते. टणकपणाचं सगळं श्रेय ट्विनला देऊ नका हं, कार्बनचे अणूही सुरकुत्यांना धरून ठेवतात.

खरी कमाल ताणताना दिसते. साधी सळई ताणली की एका जागी बारीक होते आणि तिथेच तुटते. इथे जी जागा जास्त ताणली जाते तिथेच नव्या भिंती पडतात. ती जागा कडक झाली की ताण शेजारी सरकतो. त्यामुळे तुकडा सगळीकडून लांबत जातो. हाच गुण वापरून पुढे कारसाठी ट्विप स्टील आली. त्यांच्यातल्या काही तुटण्याआधी मूळ लांबीच्या दीडपट होतात.

आता दुसरी बाजू. ट्विन जिथे स्फटिकाच्या सीमेला किंवा दुसऱ्या ट्विनला धडकतो, तिथे ताण साचतो. भिंती दाट झाल्या की सरकायला जागाच उरत नाही आणि बारीक चीर तिथून सुरू होऊ शकते. ओतकामातच चूक झाली असेल तर आणखी वाईट. हे स्टील हजार अंशांच्या वर तापवून झटकन पाण्यात बुडवावं लागतं. सावकाश थंड झालं तर सीमांवर कार्बाइड जमतं आणि तुकडा ठिसूळ होतो. झिजलेल्या क्रॉसिंगवर वेल्डिंग करताना ते फार तापू देत नाहीत, त्याचं कारण हेच.

उलटा प्रकारही असतो. खडी क्रशरच्या जबड्यातल्या प्लेटाही याच स्टीलच्या. दगड मऊ पण वाळूसारखा खरखरीत असेल, तर जोराचा मार बसत नाही, पुरेशा भिंती पडत नाहीत आणि प्लेट टणक व्हायच्या आधीच घासून जाते. दुकानदाराला शिव्या देण्याआधी दगड कुठला होता ते बघा!

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. साध्या रुळातली चीर अल्ट्रासाउंडने शोधता येते. ओतीव मँगनीज स्टीलचे कण इतके मोठे असतात की ध्वनिलहर आतच विखुरते. मग क्रॉसिंगची तपासणी मुख्यतः डोळ्यांवर येते. दोन गाड्यांच्या मधे कोणीतरी वाकून, नाकाच्या टोकावर केसाएवढी रेघ दिसते का, ते बघत असतं.

तुमच्यापैकी कोणी ट्रॅक मेंटेनन्समध्ये असेल, तर ती रेघ पहिल्यांदा कशी ओळखायला शिकलात, त्याची व्हॉइस नोट पाठवा. ऐकायला आवडेल.