धरणगाव ते बारीपाडा

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वनवासी समाज आणि शासन यांच्यातील सहकार्याचा विषय निघाला की सहसा योजनांची नावे आणि निधीचे आकडे पुढे येतात. वास्तविक पाहता खानदेशात या सहकार्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचे पहिले मोठे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील धरणगावी घडले.

1818 साली पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला. सातपुडा व सातमाळ्याच्या घाटवाटा राखणारे भिल्ल नाईक त्या राखणीबद्दल परंपरेने हक्क घेत असत. राज्यबदलाच्या पडझडीत ते हक्क विस्कटले, आणि नाईक बंडाला उभे राहिले. पलटणी पाठवून डोंगर शांत होत नाही, हे ध्यानी आल्यावर मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी 1825 मध्ये धोरण पालटले. तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, शेतीसाठी मदत देऊ करण्यात आली, आणि लेफ्टनंट औट्रम याने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. बंड केलेल्यांतूनच त्याने आपले पहिले शिपाई निवडले. त्यांच्याबरोबर तो वाघाच्या शिकारीला जाई, त्यांच्यात मिसळे. परक्या अधिकाऱ्याचा हा गुण मान्य करायला हरकत नाही.

परंतु या सहकार्याच्या अटी ठरविल्या कोणी? शिपाईगिरी मिळाली, पगार मिळाला. जंगल कोणाचे, हा प्रश्न मात्र कोणी नाईकांना विचारला नाही. पुढे 1878 च्या वन कायद्याने सरकारी राखीव जंगलांची व्यवस्था पक्की केली आणि लाकूडफाटा, चराई, मोहफुले हे सारे परवानगीचे विषय होऊन बसले. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे खाज्या नाईक हे सरकारी चाकरीतीलच होते. त्यांनीच 1857 मध्ये शस्त्र उचलले, आणि एप्रिल 1858 मध्ये आंबापाणीची लढाई झाली. ज्या सहकार्यात एका पक्षाने केवळ आज्ञा पाळायची असते, त्याची मर्यादा याहून स्पष्ट कोणती असणार?

आता धुळे जिल्ह्याकडे वळू. साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेजवळ, बारीपाडा नावाची लहानशी वस्ती आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तेथील डोंगर उघडे पडले होते, पाण्यासाठी वणवण होती, गावात दारूच्या भट्ट्या होत्या. एम. कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीच्या मागे न लागता गावीच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाची साथ त्यांना मिळाली. गावाने आधी आपणच आपल्यावर नियम घातले. वृक्षतोडीस बंदी झाली, आणि नियम मोडणाऱ्याला दंड ठरला. दंड बसणारा मनुष्य बहुधा शेजारी किंवा सोयराच असणार. ही गोष्ट सांगायला सोपी, पाळायला फार कठीण. तरीही ती पाळली गेली. श्रमदानातून बांध घातले, चर खोदले. 400 हेक्टरहून अधिक जंगल पुन्हा उभे राहिले. विहिरींना पाणी आले, भातशेती सुधारली, आणि एकेकाळी पाण्याला मोताद असलेल्या या गावाचे पाणी आसपासच्या गावांच्याही उपयोगी पडू लागले. 2004 पासून तेथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. कोणत्या पाल्याची भाजी केव्हा खुडायची आणि कशी शिजवायची, हे गावच्या स्त्रियांचे ज्ञान त्या निमित्ताने पाहुण्यांसमोर मानाने मांडले जाते.

येथे शासन नव्हते असे नव्हे. गावकऱ्यांना वनसंरक्षणात सहभागी करून घेण्याचे धोरण केंद्राने 1990 मध्येच जाहीर केले होते. मात्र बारीपाड्यात शासनाचा हात गावाच्या संकल्पामागून आला. महाराष्ट्र शासनाचा वनभूषण पुरस्कार आणि 2025 मध्ये जाहीर झालेली पद्मश्री, हे दोन्ही सन्मान त्या कामाच्या पावतीसारखे आहेत. धरणगावी सरकारने माणसे निवडली होती. येथे माणसांनी काम निवडले आणि सरकारला त्याची दखल घ्यावी लागली.

2006 च्या वनहक्क कायद्याने या क्रमाला कायद्याचे बळ दिले आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते. तो उपविभागीय समितीकडून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार आहे. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांनाही तोच कायदा लागू आहे. दावा भरताना नकाशा लागतो, पुरावे लागतात, वृद्धांचे जबाब नोंदवावे लागतात. नाला कोठून वाहतो, गुरे कोठे चरत, देवाचे स्थान कोणत्या टेकडीवर, हे ज्यांना ठाऊक आहे ती पिढी आता थकली आहे. तिच्याजवळ बसून हे लिहून घेणारा शिकलेला तरुण पाड्यात हवा, आणि त्याने आणलेला कागद अडवून न ठेवणारा अधिकारी तालुक्याच्या कचेरीत हवा.