शाळा व मंडळांच्या बँडपथकांसाठी स्वरलेखांची निवड

(लिंबायत, सुरत येथे मराठी शाळांतील शिक्षक, मंडळांचे कार्यकर्ते व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँडपथक काढावयाचे ठरले की प्रथम चर्चा होते ती वाद्यांची, नंतर गणवेशाची आणि मग ध्वजाच्या काठीची. मुले वाजविणार काय, हा प्रश्न पंधरा ऑगस्ट आठ दिवसांवर येईपर्यंत कोणी विचारीत नाही. त्या वेळी कोणीतरी कोठून तरी एखाद्या लोकप्रिय गीताचे नोटेशन आणतो, त्याच्या प्रती निघतात आणि त्या मुलांच्या हाती पडतात. वाद्यांना देणगीदार मिळतो, कारण वाद्यावर नाव कोरता येते. कागदावर नाव कोरता येत नाही. परंतु मुलगा पथकात टिकणार की महिनाभरात वाद्य परत करून जाणार, हे पुष्कळदा त्याच्यासमोर ठेवलेल्या कागदावर अवलंबून असते. म्हणून आज मी केवळ त्या कागदाविषयी बोलणार आहे.

लिंबायतची गोष्ट आपणांस मी सांगावयास नको. ताप्तीकाठच्या रेल्वेने धुळे, जळगाव, नंदुरबारकडील कुटुंबे येथे आली, मागावर उभी राहिली आणि येथलीच झाली. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालविते. येथील मूल घरी अहिराणी, वर्गात मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्याच्या दारात हिंदी बोलते. श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत ते नाचते आणि नवरात्रात गरबाही खेळते. अशा मुलाच्या पथकाने काय वाजवावे, हा प्रश्न म्हणूनच सोपा नाही आणि तो मुंबईहून वा परदेशाहून आलेल्या तयार संचाने सुटणारही नाही.

या कामी आपल्याजवळचा दाखला बडोद्याचा आहे. सयाजीराव महाराज हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. त्यांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली बडोद्यात गायनशाळा निघाली. मौलाबक्षांनी देशी संगीतासाठी स्वतःची स्वरलिपी सिद्ध केली, तर त्यांचे पुत्र अलाउद्दीन लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आले. म्हणजे एकाच घरात देशी लिपी आणि पाच रेघांची विलायती लिपी अशा दोन्ही विद्या नांदत होत्या. त्याच बडोद्यात १९१६ साली भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. गोव्याकडे पाहिले तर तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाच रेघांची लिपी पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. पुढे पोलीस बँडपासून मुंबईच्या चित्रपटसृष्टीपर्यंत गोव्याचे वादक जेथे तेथे आढळले, त्याचे मूळ या शिक्षणात आहे. लिपी ही चैन नव्हे. ज्या मुलाला ती येते, त्याला उस्तादाच्या तोंडाकडे पाहत बसावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिला प्रश्न गाणे कोणते, हा नसून आपल्याजवळ कोण आहे, हा आहे. पुष्कळ शाळांत साइड ड्रम, बास ड्रम, झांजा, ट्रँगल आणि चारसहा बिगूल एवढाच संच असतो. बिगुलाला पडदे वा किल्ल्या नसतात. त्यातून सामान्यपणे मंद्र अंगाचा सा, प, वरचा सा, ग आणि प एवढेच पाच स्वर निघतात. रे, म, ध, नी त्यात नाहीत. म्हणजे भूपाळीसारखी पाच स्वरांची चालदेखील बिगुलावर बसत नाही, कारण तिला रे आणि ध लागतात. तरीही अनेक ठिकाणी बिगुलावर पूर्ण गीत काढण्याचा खटाटोप चालतो आणि मुलांच्या फुप्फुसांना दोष दिला जातो! ज्यांच्याकडे केवळ बिगूल आहेत त्यांनी बिगुलासाठी लिहिलेल्या सलाम्या व संचलनाच्या धुनाच निवडाव्यात आणि ढोलांच्या बोलांत वैविध्य आणावे. गीत हवेच असेल तर बासरी किंवा मेलोडिका घ्यावी.

ज्यांच्याकडे क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन आहेत त्यांच्यापुढे वेगळी अडचण येते, ती पट्टीची. क्लॅरिनेटवाल्याने कागदावरील सा, म्हणजे इंग्रजी सी, वाजविला की पेटीच्या हिशेबाने काळी पाच ऐकू येते. आल्टो सॅक्सोफोनने तोच स्वर वाजविला तर काळी दोन ऐकू येते. प्रार्थनेच्या बाईंनी पेटीवर पांढरी तीन धरली आणि पथकास साथ करावयास सांगितले, तर क्लॅरिनेट व ट्रंपेटच्या कागदावर सहा तीव्र चिन्हे येतात आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर सात. तेच गाणे अर्धा स्वर चढवून पांढरी चारमध्ये घेतले तर क्लॅरिनेटला एक आणि सॅक्सोफोनला दोन चिन्हे पुरतात. गाणाऱ्या मुलांना या अर्ध्या स्वराचा फारसा त्रास होत नाही, वाजविणाऱ्या मुलांचा मात्र महिना वाचतो. म्हणून नवशिक्या पथकासाठी काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या तीन पट्ट्यांतीलच नोटेशन घ्यावे. संगीतशिक्षक व बँडमास्तर यांनी वर्षाच्या आरंभी एकदा पेटीसमोर बसून हा हिशेब केला, तर पुढील सारे भांडण मिटते.

परदेशी प्रकाशकांच्या संचांवर एक ते पाच किंवा सहा असे श्रेणीचे आकडे छापलेले असतात. त्यांचा उपयोग आहे, पण सर्व प्रकाशकांचे माप एक नसते. आकड्यावर विसंबू नका. कागद उघडून पाहा. आणि पाहताना पहिल्या ट्रंपेटचा कागद आधी पाहू नका, तो नेहमीच आकर्षक असतो. शेवटच्या, तिसऱ्या क्लॅरिनेटचा कागद पाहा. त्या मुलाला सोळा मात्रांत एखादी तरी ओळखू येणारी सुरावट आहे, की तो केवळ एकच स्वर धरून बसला आहे? क्लॅरिनेटच्या खालच्या भागातून वरच्या भागात जाताना जवळजवळ सारी छिद्रे एकदम झाकावी लागतात. लहान बोटांना ते अवघड जाते. ती उडी पहिल्याच ओळीत असेल तर तो कागद पुढल्या वर्षासाठी ठेवावा. ट्रंबोनची नळी सर्वांत लांब ओढावी लागते अशा जागा अकरा वर्षांच्या मुलाच्या हाताला पोचत नाहीत. संथ गाणे सोपे, हाही एक भ्रम आहे. संथ गाण्यात श्वास लांब लागतो आणि बेसूरपणा लपत नाही. आरंभी मध्यम लयीचे, दोन दोन मात्राखंडांनी श्वास घेता येईल असे केरव्याच्या अंगाचे गाणे बरे. संचलनासाठी मिनिटास सुमारे एकशेवीस पावलांची लय धरतात. तिच्यात केरवा सहज चालतो, दादराही बसविता येतो, पण सात मात्रांचा रूपक पावलाखाली सापडत नाही. तो सभागृहासाठी राखून ठेवावा.

आणखी एक लक्षात घ्यावे. आपल्या प्राथमिक शाळांत आठवीनंतर मूल जाते. म्हणजे दरवर्षी पथकातील सर्वांत तयार मुले निघून जातात आणि सर्वांत कच्ची मुले येतात. गेल्या वर्षीच्या पथकासाठी घेतलेले नोटेशन यंदाच्या पथकाला जड जाते, हा शिक्षकाचा दोष नाही. त्यासाठी चार-पाच भागांत लिहिलेले, कोणत्याही वाद्याने कोणताही भाग घ्यावा अशा सोयीचे संच मिळतात, ते घ्यावेत. ज्या संचात एखादे वाद्य नसल्यास त्याची ओळ दुसऱ्याच्या कागदावर बारीक अक्षरांत दिलेली असते, तेही उपयुक्त.

गाणी कोणती, यावर माझे मत स्पष्ट आहे. चित्रपटगीते वर्ज्य मानू नयेत. परंतु वर्षाच्या कार्यक्रमात ती एकदोनच असावीत. त्यांचा मूळ प्रभाव गायकाच्या आवाजावर आणि शब्दांवर असतो. शब्द काढून घेतले की पुष्कळ गाण्यांत उरते ते थोडे. लोकगीतांचे तसे नाही. इंग्लंडमध्ये व्हॉन विल्यम्स या मान्यवर संगीतकाराने १९२३ साली लष्करी बँडसाठी इंग्रजी लोकगीतांची मालिका लिहिली आणि जगभरच्या शाळा ती आजही वाजवितात. आपल्या ओव्या, जात्यावरच्या चाली, कानबाईची गाणी, लेझमीचे ठेके यांचे असे लेखन का होऊ नये? या चालींचा पल्ला बहुधा पाचसहा स्वरांचा असतो, म्हणजे नवशिक्या वादकास नेमका झेपणारा. मात्र मींड आणि श्रुतींवर उभ्या असलेल्या रागरचना पितळी वाद्यांवर लादू नयेत; तेथे किल्ली दाबली की स्वर पायरीने उतरतो, घसरत नाही.

हे लेखन करणार कोण? माझ्या मते याचे उत्तर आपल्या गल्लीत राहते. लग्नसराईत वाजविणाऱ्या बँड पार्टीतील जुना क्लॅरिनेटवादक एखादी चाल एकदा ऐकून तीन पट्ट्यांत वाजवून दाखवितो. आपण त्याला वरातीच्या पुढे चालवितो, जेवणाच्या पंगतीत मात्र शेवटी बसवितो आणि शाळेच्या फाटकाच्या आत तर कधीच बोलावीत नाही. यामागे जातीचा जुना भेद आहे, हे येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पुण्यात प्रभात ब्रास बँडला गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत जो आदर मिळतो, तो खानदेशी वादकालाही मिळावयास हवा. त्याला मानधन देऊन आठवड्यातून दोन दिवस बोलवावे. तो वाजवील, संगीतशिक्षक भातखंडे लिपीत टिपून घेतील आणि लिपी जाणणारा तिसरा कोणी ते पाच रेघांत उतरवील. असे एक गाणे तयार झाले तरी ते विकतच्या दहा संचांपेक्षा शाळेच्या अधिक कामाचे ठरेल.

कायद्याविषयी थोडे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. सुरतेचे कवी नर्मद १८८६ साली वारले. त्यांच्या ‘जय जय गरवी गुजरात’चे शब्द सर्वांचे आहेत, मात्र त्याला अलीकडे कोणी दिलेली चाल मुक्त असेलच असे नाही. महाराष्ट्राने २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’चे कवी राजा बढे १९७७ साली, तर संगीतकार श्रीनिवास खळे २०११ साली निवर्तले, तेव्हा या गीताची स्वतंत्र बँडरचना करून छापावयाची तर परवानगी लागेल. शाळेतील शिक्षक व विद्यार्थ्यांनी शाळेच्या कार्यक्रमात, पालक व शाळेशी संबंधित मंडळींपुढे वाजविण्यास कायद्याने सूट आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता वाजविल्यासही आहे. पण वाजविण्याची सूट म्हणजे छापील संचाच्या वाटेल तितक्या प्रती काढण्याची सूट नव्हे. याबाबत आपल्याकडे फारच ढिलाई आहे.

राष्ट्रगीताबाबत निवडीचा प्रश्नच येत नाही. पूर्ण वादनास सुमारे ५२ सेकंद लागतात आणि अधिकृत चालीत फेरफार, लांबण वा हरकती चालत नाहीत. वर्षाचे पहिले नोटेशन हेच असावे.

शेवटी खर्चाचे. वाद्यांच्या अंदाजपत्रकात नोटेशनसाठी वेगळी बाब दाखवावी, ती ‘किरकोळ’ मध्ये घालू नये. आलेल्या संचाची नोंद ग्रंथालयाच्या नोंदवहीत व्हावी, प्रत्येक वाद्याचा कागद स्वतंत्र पुठ्ठ्याच्या फायलीत राहावा आणि मूळ संपूर्ण लेख मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा. मुलांनी कागदावर बोटांचे आकडे व श्वासाच्या खुणा करावयाच्या त्या शिसपेन्सिलीने, म्हणजे वर्षअखेर त्या पुसून तोच कागद पुढल्या मुलाला देता येईल.