गृहीतकं कागदावर यावीत





या परिषदेसाठी आपण पुण्यात जमलो आहोत. इथून जवळच चाकणच्या पट्ट्यात ज्या दुचाकी तयार होतात, त्यांतल्या मोठ्या गाड्यांना एबीएस असतं. १२५ सीसीवरच्या दुचाकींना ते २०१९पासून सक्तीचंच आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक अडकू लागलंय हे एक छोटा संगणक ओळखतो, ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो आणि पुन्हा धरतो. हे त्यानं अचूक केलं, पण उशिरा केलं, तर गाडी घसरलेली असते. आपल्या क्षेत्रात उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावं लागतं आणि दर वेळी यावं लागतं. रिअल-टाइम म्हणजे नुसतं वेगवान नव्हे, हे जॉन स्टॅन्कोविक यांनी १९८८ साली स्पष्टपणे मांडलं. त्यांच्यासोबत स्प्रिंग कर्नलवर काम केलेले कृती रामामृतम पुढे पवईच्या आयआयटीत आले आणि हा विचार महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांपर्यंत थेट पोचला.

आज मला बोलायचंय ते या वेळेच्या हमीखाली दडलेल्या गृहीतकांबद्दल.

१९७३ साली सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांचा शोधनिबंध आला. प्रोसेसरवरचा भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत ठेवा, ज्या टास्कची पाळी वारंवार येते तिला वरची प्रायॉरिटी द्या, मग टास्क कितीही असोत, एकीचीही डेडलाइन चुकणार नाही, असं त्यांनी सिद्ध केलं. हा ६९चा आकडा आपल्याकडे परीक्षेपुरता पाठ होतो. मला त्या निबंधाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो त्याआधीचा. टास्क ठरावीक अंतरानं येतात, त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत, प्रत्येकीला लागणारा वेळ ठरलेला आहे, अशी सगळी गृहीतकं त्या दोघांनी सुरुवातीलाच क्रमांक घालून लिहून ठेवली. त्यामुळे पुढच्या पिढ्यांना हल्ला कुठे करायचा ते कळलं.

टास्क स्वतंत्र असतात, हे गृहीतक प्रत्यक्षात टिकत नाही. एकच मेमरी, एकच बस अनेकींना लागते, मग कुलूप घालावं लागतं. खालच्या प्रायॉरिटीच्या टास्कनं कुलूप घेतलं आणि मधल्या प्रायॉरिटीच्या टास्कनं तिला बाजूला सारलं, तर वरची टास्क कुलपापाशी ताटकळत राहते. त्यावर उपाय लुई शा, राज राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९०मध्ये सिद्धतेसह मांडला: वरची टास्क अडली आहे तोवर कुलूप धरून बसलेल्या टास्कला तिचीच प्रायॉरिटी द्यायची.

त्यानंतर ४ जुलै १९९७ला पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनच स्वतःला नव्यानं सुरू करू लागला. हवामानाची नोंद घेणारी खालच्या प्रायॉरिटीची टास्क कुलूप घेऊन बसे, मधल्या टास्क तिला पुढे सरकू देत नसत आणि बसवरची माहिती वाटणारी महत्त्वाची टास्क वेळेत संपत नसे. हे लक्षात येताच यान सावधगिरी म्हणून रीसेट होई आणि त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवशी ढकललं जाई. १९९०चा उपाय त्या यानावर होताच, फक्त त्या कुलपासाठी तो बंद ठेवलेला होता. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीत बिघाड पुन्हा घडवून आणला आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही हा प्रकार दिसला होता, पण शोधू लागल्यावर तो पुन्हा घडला नव्हता. पाथफाइंडर ज्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीनं चालवलं, तिथेच १९७३चा निबंध लिहिताना लेलँड काम करत होते. टास्क स्वतंत्र आहेत ही अट त्याच संस्थेच्या नावानिशी छापलेली होती. छापलेली होती म्हणूनच तिच्यावरचा उपाय सात वर्षं आधी तयार होता आणि यानापर्यंत पोचलाही होता. तो तिथे नसता, तर दुरुस्तीसाठी पाठवायचं काय?

याच्या उलट अरियान-५. ४ जून १९९६ला ते रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. चौसष्ट बिटांचा आकडा सोळा बिटांत बसवताना तो मावला नाही आणि दिशा सांगणारा संगणक बंद पडला. जोडीच्या राखीव संगणकावर तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तोही त्याच कारणानं काही मिलिसेकंद आधीच गेला होता. चौकशी अहवाल आपल्या प्रत्येक प्रयोगशाळेत वाचला जावा, असं मला वाटतं. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून सात धोकादायक रूपांतरांपैकी चारच सुरक्षित केली गेली, तीन उघडी राहिली. उरलेले आकडे मर्यादेबाहेर जाणार नाहीत, हा तर्क आधीच्या अरियान-४च्या मार्गापुरता खरा होता. पण त्याचं कारण कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा खूप वेगानं वाढत होता आणि कोड वाचणाऱ्याला तिथे एक अट दडली आहे, हे कळायला मार्गच नव्हता.

भारतानंही हा धडा स्वतःच्या अनुभवातून घेतला. सप्टेंबर २०१९मध्ये विक्रम हे यान चंद्रावर उतरताना इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त लागला, चुका साचत गेल्या, यानाला झपाट्यानं वळायची गरज पडली आणि सॉफ्टवेअरनं घातलेली मर्यादा आड आली. इस्रोचे नंतरचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी हे जाहीरपणे सांगितलं. उतरण्याची जागाही पाचशे मीटर लांब-रुंद, एवढीच ठरली होती. पुढच्या यानासाठी ती चार किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली आणि काय काय बिघडू शकतं, त्यावरून आराखडा आखला. २३ ऑगस्ट २०२३ला यान उतरलं. त्या दिवशीचा आनंद आपण सगळ्यांनी अनुभवला. मला त्याहून जास्त अभिमान वाटतो तो अपयशाची कारणं उघड सांगण्याच्या धैर्याचा.

आता प्रत्येक टास्कला लागणारा वेळ ठरलेला, हे १९७३चं गृहीतकही डळमळलंय. एका चिपवर अनेक कोअर आले. शेजारच्या कोअरनं मेमरीची बस अडवली की आपल्या टास्कचा वेळ वाढतो, आणि तो जास्तीत जास्त किती वाढेल हे नेमकं सांगणं फार कठीण झालं आहे. आपल्याकडच्या तरुण संशोधकांनी हा प्रश्न हाती घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गाड्या बनवणारे, त्यांची चाचणी घेणारे आणि शिकवणारे इतक्या जवळ फार थोड्या शहरांत आहेत.

एक प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे दिला आहे. पुढच्या वर्षीपासून इथल्या प्रत्येक निबंधाला गृहीतकांचं एक पान जोडलेलं असावं: हमी कोणत्या हार्डवेअरवर, किती भारापर्यंत, सेन्सरनं कसं वागल्यास टिकते, आणि यातली एखादी अट मोडली तर प्रणाली काय करते. उद्योगांनाही माझं सांगणं आहे की एखादी तपासणी वगळायची असेल, तर तिचं कारण कोडच्या त्याच ओळीशी लिहावं. महाविद्यालयीन प्रकल्पांच्या परीक्षेत परीक्षकानं सेन्सरची तार चालू यंत्रातून काढून पाहावी आणि गुण त्यानंतर द्यावेत. प्रस्तावावर उद्या दुपारच्या सत्रात चर्चा आहे. अशा पानामुळे कंपन्यांची गुपितं उघडी पडतील, अशी काहींना धास्ती आहे. ती शंका रास्त आहे. त्यांनी उद्या जरूर यावं आणि कोणती गृहीतकं जाहीर करता येतील, कोणती करता येणार नाहीत, ते नावानिशी सांगावं. मसुदा त्याप्रमाणे बदलायची माझी तयारी आहे.