राखणीची जुनी बंदूक आणि तिचं काडतूस



भुईमूग भरू लागला, भात निसवलं, की रानडुकरांच्या धाडी सुरू होतात. मग आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक कपाटातून बाहेर येते. परवाना चालू असतो. दुकानात जाऊन आपण एवढंच म्हणतो, "बाराबोरची काडतुसं द्या." मी शेतीखात्याचा माणूस, बंदुकीचा कारागीर नव्हे, पण राखणीच्या बंदुका गावोगाव पाहतो, म्हणून सांगतो, तेवढं म्हणून भागत नाही.

बारा बोर हे नळीच्या भोकाचं माप. काडतुसाची लांबी निराळी. जुन्या विलायती बंदुकांत काडतूस बसण्याचं घर बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मि.मी.चं असतं. नंतरच्या बंदुकांत 70 मि.मी.चं, आणि तीन इंची मॅग्नमचं 76 मि.मी.चं. खरा फसवा भाग पुढेच आहे. काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यावर, तोंडाची घडी उलगडल्यानंतरची असते. न उडालेलं काडतूस त्याहून आखूड. म्हणून 70 चं काडतूस 65 च्या घरात खुशाल शिरतं, बंदूकही नीट मिटते. चाप ओढला की घडीला उलगडायला जागा मिळत नाही. ती पुढच्या निमुळत्या भागात अडते, छरे तिथून रेटून जातात आणि नळीतला दाब फार वाढतो. आपला डावा हात असतो त्याच्या जवळच.

एका गावी एका काकांची बंदूक अशीच 65 ची निघाली आणि काडतुसं 70 ची. दुकानदारानं "चालतंय" म्हणून दिलेली. काका म्हणाले, "साहेब, तीन बार काढले, काही झालं नाही." मी म्हटलं, "काका, तीनदा ओढा उतरून गेलात म्हणून चौथ्यांदा पूर येणार नाही का?" त्यांनी डबी परत केली.

तेव्हा आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा आणि परवानाधारक कारागिराकडून नळ्या सुट्या करून घ्या. खालच्या सपाट बाजूवर ठसे असतात. काहींवर 1⅛ औंस असंही दिसतं. म्हणजे छऱ्याचं वजन सुमारे 32 ग्रॅमपेक्षा जास्त नको. काही मॅग्नम काडतुसं 70 मि.मी.चीच, पण भारी भरलेली असतात, म्हणून नुसती लांबी बघू नका. ठसा पुसला असेल तर कारागिराला घर मापायला सांगा. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वेलबुट्टी दिसली, तर ती पिळाच्या पोलादाची नळी असू शकते. तपासणी झाल्याशिवाय तिच्यात आजचं काडतूस घालू नका. ठासणीच्या बंदुकीत तर काळ्या दारूशिवाय दुसरी दारू कधीच नको.

वीस बोरचं काडतूस बाराच्या खिशात मिसळू देऊ नका. ते नळीत पुढे सरकून अडकतं, बंदूक रिकामी वाटते, आणि मागून बाराचं घातलं की नळी फुटते.

पावसाळ्यात फुगलेलं काडतूस ठोकून बसवू नका, चुलीजवळ वाळवू तर मुळीच नका. बार झाला नाही, तर नळीचं तोंड मोकळ्या दिशेला धरून निदान मिनीटभर थांबा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर बंदूक रिकामी करून नळीत बूच अडकलंय का ते पाहा, मगच पुढचं काडतूस.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. अर्ज पेरणीच्या सुमारासच करून ठेवा.