रॉड्रिग्ज बेटाची दोन दिवसांची सहल

शनिवार-रविवारास जोडून एखादी सुट्टी आली की चार मित्र एकत्र जमतात, खिसे चाचपतात आणि थोडक्या पैशांत कोठे जाऊन येता येईल याचे बेत करू लागतात. हे पुण्या-मुंबईस घडते तसेच मॉरिशसमध्येही घडते. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून मजुरीसाठी त्या बेटावर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तेथे आजही नांदत आहेत. त्यांच्या घरांत क्रिओल बोलली जाते हे खरे. तथापि गणेशचतुर्थीची तेथे सार्वजनिक सुट्टी असते. अशा घरांतील चार तरुण मित्रांनी रॉड्रिग्ज बेटावर जाण्याचे ठरविले आहे, अशी श्रोत्यांनी कल्पना करावी. पुणेकराला सिंहगड, तसे मॉरिशसकराला रॉड्रिग्ज, असे वरवर पाहता वाटेल. भेद इतकाच की या दोहोंच्या मध्ये साडेतीनशे मैल महासागर पसरला आहे आणि वाटेत विसाव्याला एकही बेट नाही.

रॉड्रिग्ज किती एकटे आहे, याची साक्ष इतिहासात नमूद आहे. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याचा आवाज जवळजवळ ३,००० मैलांवरील या बेटावर ऐकू आला. पूर्वेकडे समुद्रात कोणी तोफा डागीत आहे, असा तेथील पोलीस अधिकाऱ्याचा समज झाला. मध्ये अडविणारे काहीच नव्हते!

आता खर्चाचा विचार. आगबोटीचा प्रवास स्वस्त, यात शंका नाही. परंतु जाताना वारा समोरून येत असल्यामुळे तिला दीड दिवसाच्या आसपास लागतो. म्हणजे पोर्ट लुईच्या धक्क्यावर शुक्रवारी संध्याकाळी चढलेला मनुष्य रविवारी सकाळी उतरणार आणि उतरताच परतीची चिंता करणार. ज्याच्यापाशी वेळ आहे त्याने आगबोटीने जावे. ज्याच्यापाशी दोनच दिवस आहेत त्याला पंख्याच्या लहान विमानावाचून गत्यंतर नाही. ते दीड तासात पोहोचते. बचत करावयाची ती पुढे. तिकीट मात्र फार आधी काढून ठेवावे. याच विमानाने बेटावरचा आजारी मनुष्य मॉरिशसच्या मोठ्या इस्पितळात जात असतो आणि शिकावयास गेलेली मुले घरी येत असतात. सहलीचा बेत आयत्या वेळी करणाऱ्यास जागा मिळाली नाही, तर त्याने फार कुरकुर करू नये हे बरे. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. त्या दिवसांत विमान अडकून पडण्याचा संभव असतो, म्हणून स्वस्त सहलीच्या हिशेबातही दोन दिवसांच्या जेवणाची रक्कम निराळी बांधून ठेवावी लागते.

बेट लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस मैल, वस्ती सुमारे ४४,००० आणि सर्वांत उंच माथा, माँ लिमाँ, १,३०० फुटांच्या आसपास. परंतु बेटाभोवती प्रवाळाच्या कड्याने अडविलेला जो उथळ समुद्र आहे, ज्याला लॅगून म्हणतात, तो मात्र बेटाच्या दुपटीहून मोठा आहे. रॉड्रिग्जची खरी शेतजमीन ती हीच, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

उतरण्यासाठी हॉटेलच शोधले पाहिजे असे नाही. गावोगावी गृहस्थांच्या घरी खोली मिळते आणि रात्रीचे जेवण घरच्या मंडळींबरोबर एकाच मेजावर होते. मका, तांबडा घेवडा, मासळी, लिंबाचे व मिरचीचे लोणचे असे ते जेवण असते. कोकणी जिभेला त्यात परके असे फारसे काही सापडणार नाही. शनिवारी भल्या पहाटे पोर्ट मॅथुरीनचा बाजार भरतो. मध, लोणची, वाळविलेली मासळी आणि केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांच्या विणलेल्या टोपल्या तेथे विकावयास येतात. उन्हे चढू लागली की बाजार विरळ होतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी उशिरा उठण्याची ज्यांना हौस आहे त्यांना तेथे रिकाम्या फळ्याच पाहावयास मिळतात. बसगाड्या स्वस्त आहेत, पण दिवस कलला की त्या थांबतात. चुकल्यास पायी चालावे लागते. हा तोटा मानण्याचे कारण नाही, कारण या बेटावरील उत्तम वस्तू पायी चालणाऱ्यासच भेटतात. पूर्व किनाऱ्याने सेंट फ्रान्स्वाहून ग्राव्हिएपर्यंत जाणारी पाऊलवाट तर दोन तासांत पुढे पुढे खडकांच्या कुशीत दडलेल्या पुळणी उलगडीत नेते. त्यांतलीच एक त्रू दार्जां, दोन कड्यांमध्ये चिमटीत धरावी एवढीशी.

परंतु या स्वस्ताईला एक अपवाद आहे आणि तो प्रत्येक पाहुण्याने घराचा उंबरठा ओलांडतानाच जाणून घ्यावा. तो म्हणजे गोडे पाणी. बेटावर मोठी नदी नाही, पाऊस लहरी आहे आणि कित्येक वस्त्यांत नळाला पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येते. छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून घरे चालतात. समुद्रात मनसोक्त डुंबून आलेल्या चौघांनी एकामागून एक अर्धा-अर्धा तास अंगावर गोडे पाणी घेतले, तर त्या कुटुंबाचे आठवड्याचे पाणी संपावयाचे. आणि घरची बाई पाहुण्यांपुढे तोंडातून अक्षर काढणार नाही. खोलीच्या भाड्यात हे पाणी मोजलेले नसते.

बेटावर मित्रांची एक टोळी याआधीही येऊन गेली आहे. १६९१ साली फ्रान्स्वा लेगा नावाचा पन्नाशी उलटलेला फ्रेंच गृहस्थ आणि त्याचे काही तरुण सोबती येथे उतरले. धर्मछळामुळे देशोधडीस लागलेले हे ह्यूगनॉट लोक नंदनवनाच्या शोधात निघाले होते. जावयाचे होते रियुनियनला, पण जहाजाने त्यांना रॉड्रिग्जवर सोडले. बेट तेव्हा निर्मनुष्य होते. न उडणारा सॉलिटेअर नावाचा मोठा पक्षी माणसाला भिण्याचे शिकलेला नव्हता, आणि राक्षसी कासवांचे कळप तर मोजदादीपलीकडचे होते. दाणापाणी फुकट, घरभाडे नाही, राजा नाही! इतकी स्वस्त सहल पुन्हा कोणाला घडली नसेल. तरीही दोन वर्षांनी त्या तरुणांना बेट नकोसे झाले. बायकामुलांवाचून, समाजावाचून हे नंदनवन काय करावयाचे, असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी होडी बांधली आणि १६९३ साली ती समुद्रात लोटली. मॉरिशसला ते पोहोचले खरे, पण तेथील डच अंमलदाराने त्यांना बंदीत टाकले. लेगाने पुढे लिहिलेल्या प्रवासवर्णनामुळे सॉलिटेअर पक्ष्याची हकीकत जगाला कळली.

मागून आलेल्यांनी त्या फुकट अन्नाचा फडशा पाडला. अठराव्या शतकात मॉरिशसच्या व जहाजांच्या स्वयंपाकघरांसाठी हजारो कासवे जहाजे भरभरून नेण्यात आली. शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी १७६१ साली फ्रेंच ज्योतिषी पिंग्रे येथे आला, तेव्हा सॉलिटेअर दुर्मिळ झाला होता. शतक संपण्यापूर्वी तो नाहीसाच झाला, आणि कासवेही त्याच वाटेने गेली. आज लेगाच्याच नावाच्या राखीव उद्यानात, २००७ पासून, जी मोठी कासवे फिरताना दिसतात ती अल्दाब्रा बेटाकडील जातीची आहेत. रॉड्रिग्जची स्वतःची नव्हेत.

मात्र सर्वच काही गेले नाही. १९८० च्या सुमारास एका शिक्षकाने वर्गात बेटावरील नष्ट मानलेल्या एका झाडाचे चित्र दाखविले. एक विद्यार्थी त्या वर्णनाची फांदी घेऊन हजर झाला! काफे मारोन, म्हणजे रानकॉफी, या झाडाचे जगात एकच रोप उरले होते आणि ते रस्त्याच्या कडेला उभे होते. वार्ता पसरताच औषधी म्हणून लोक त्याच्या फांद्या तोडू लागले. शेवटी कुंपणावर कुंपण घालावे लागले. १९८६ साली त्याच्या काही फांद्या विमानाने लंडनच्या क्यू उद्यानात नेऊन लावण्यात आल्या, आणि कित्येक वर्षे ते झाड फुले देई, फळ मात्र धरीना. फळ धरले ते २००३ मध्ये.

बेटावरच्या लोकांनी या साऱ्याचा धडा घेतला असावा. २००२ पासून त्यांची स्वतःची प्रादेशिक सभा आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिने २०१४ मध्ये बंदी घातली, आणि ती मॉरिशसच्याही आधी. त्याहून अवघड गोष्ट ऊरितची, म्हणजे अष्टपादाची. हाच येथील गरिबाचा रोजगार आणि पाहुण्यांच्या ताटातील मानाचा पदार्थ. हा प्राणी जेमतेम वर्षभर जगतो, पण वाढतो झपाट्याने. म्हणून दोन महिने त्याला हात न लावला तर तो वजनाने चांगला भरतो आणि अंडी घालण्यास माद्या शिल्लक राहतात. २०१२ साली ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात प्रथमच त्याची शिकार बंद ठेवण्यात आली. हातावर पोट असलेल्या माणसाला दोन महिने समुद्रात उतरू नकोस म्हणणे सोपे नव्हे. त्या मुदतीत कोळ्यांना किनारा साफ करणे वगैरे कामे व त्यांची मजुरी देण्यात आली.

या बंदीच्या दिवसांत आपले चार मित्र जेवावयास बसले आणि ताटात ऊरित नाही असे पाहून खट्टू झाले, तर यजमानीण कोंबडी वाढील आणि बहुधा हसेल. रात्री ढोलावरचा सेगा ऐकावयास मिळाला तर भाग्य समजावे. या सेगा तांबूरची युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या वारशात नोंद केली आहे.

आणि बंदी उठण्याच्या सुमारास सुट्टी पडली, तर मित्रांनी पहाटे ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन उभे राहावे. डोक्यावर गवती टोप्या, पायांत बूट आणि हातांत लोखंडी सळया घेतलेल्या बायका पोटऱ्यांएवढ्या पाण्यातून रांगेने दूर प्रवाळाच्या कड्याकडे चालू लागतात. काही वेळाने त्या इतक्या लांब जातात की समुद्रावर नुसत्या टोप्याच हलताना दिसतात.