कापड कोणाचे?



कलेवर बोलण्यासाठी बँकेतल्या एका कारकुनाला आपण उभे केले, याबद्दल मंडळाचा आभारी आहे. आज मी यिंका शोनिबारे या कृष्णवर्णीय कलावंताविषयी बोलणार आहे. जन्म १९६२ साली लंडनचा, बालपण नायजेरियातील लागोसचे, कलाशिक्षण पुन्हा लंडनला.

विद्यार्थिदशेत तो रशियातील पेरेस्त्रोइकावर काम करीत होता. शिक्षकाने विचारले, तू अस्सल आफ्रिकन कला का करीत नाहीस? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचा अर्थ असा की, जगाविषयी बोलावे गोऱ्यांनी. काळ्याने आपल्या वेशीच्या आत राहावे! बँकेत आम्ही सही नमुन्याशी ताडून पाहतो. माणसाच्या अस्सलपणाचा नमुना कोणाच्या कपाटात असतो?

शोनिबारेने लंडनच्या ब्रिक्स्टन बाजारातले ‘आफ्रिकन’ छापील कापड उचलले. त्या कापडाची कुळकथा गमतीची आहे. मूळ कला जावा बेटातील बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगविण्याची. एकोणिसाव्या शतकात डच कारखानदारांनी तिची यंत्रावर नक्कल केली. माल खपला पश्चिम आफ्रिकेत. पुढे मँचेस्टरही त्यात उतरले. अस्सल आफ्रिकन कापड, आणि छपाई हॉलंडची!

मग ते आफ्रिकेचे नाही काय? माझ्या मते आहे. टोगो देशात लोमेच्या व्यापारी बायकांनी नक्षींना नावे दिली. या धंद्यावर त्यांनी मर्सिडीज गाड्या घेतल्या, म्हणून त्यांना ‘नाना बेन्झ’ म्हणत. नायजर नदीच्या मुखाकडील कलाबारी लोक तर आपल्या मद्रासकडचे चौकटीचे कापड घेत, त्यातले निवडक धागे कापून ओढून काढीत आणि स्वतःची नक्षी उमटवीत. ते कापड मग मद्रासचे कसे म्हणावे?

शोनिबारेने बाजारातल्या त्या कापडाचे व्हिक्टोरियन साहेबी कोट शिवले. २००३ सालच्या ‘स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका’ या कृतीत, डोके नसलेले चौदा पुतळे आफ्रिकेचा नकाशा असलेल्या टेबलाभोवती तावातावाने बसले आहेत. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेचा हा देखावा. तेथे खंडाच्या वाटणीचे नियम ठरले, आणि बैठकीला एकही आफ्रिकन नव्हता. वाटणाऱ्यांच्या अंगावर मात्र हेच कापड!

२०१० साली लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात त्याने नेल्सनचे जहाज बाटलीत बसवून उभे केले. ३७ शिडे, सगळी याच नक्षीची. आता ते ग्रिनिचला आहे. साम्राज्याच्या नावाचा ब्रिटिश किताब त्याने घेतला आणि तो नावापुढे मुद्दाम लावतो. काहींना हे खटकते. मला तो त्या कोटांसारखाच वाटतो: साहेबाचाच कपडा, पण शिवला याने.