महादेवशास्त्री जोशी : एक गृहस्थ आणि त्याचे छंद



डिचोली आणि सत्तरी हे शेजारचे महाल. १७८१-८२ च्या सुमारास ते पोर्तुगीजांच्या हाती गेले, आणि १७८८ मध्ये पेडणेही गेले. तेव्हापासून या मुलखाला ‘नव्या काबिजादी’ हे नाव पडले. राज्य बदलले, पण येथील देवळे, जत्रा, दशावतारी काला, भजन आणि मराठी पोथी ही बदलली नाहीत. सत्तरीतील आंबेडे या गावी १२ जानेवारी १९०६ रोजी जन्मलेले पंडित महादेवशास्त्री जोशी हे याच न बदललेल्या गोष्टींवर वाढले. आज त्यांचे स्मरण करावयाचे आहे, ते पंडित म्हणून तर खरेच, पण त्याहून अधिक एक गृहस्थ म्हणून.

त्यांचे शिक्षण जुन्या वळणाचे होते. संस्कृत शिकले, ज्योतिष शिकले. अशा विद्येचा मनुष्य पुढे पंचांग, मुहूर्त आणि पौरोहित्य एवढ्यात रमला असता तर कोणी नवल केले नसते. परंतु या शास्त्र्यांना छंद फार. कथा लिहिण्याचा छंद, तीर्थांच्या व देवळांच्या वाटा तुडविण्याचा छंद, लोकांच्या तोंडच्या दैवतकथा टिपून घेण्याचा छंद, मुलांना गोष्टी सांगण्याचा छंद. ‘खडकातले पाझर’ हा त्यांचा कथासंग्रह, ‘तीर्थरूप महाराष्ट्र’ व ‘गाजती दैवते’ ही पुस्तके या छंदांचीच फळे होत. त्यांच्या कथेचे सोज्ज्वळ वळण आजच्या वाचकाला काहीसे जुने वाटेल. वाटो. ज्या घरांतून ती कथा आली, ती घरे तशीच होती.

त्यांच्या कथांवरून निघालेले ‘कन्यादान’ (१९६०) व ‘मानिनी’ (१९६१) हे मराठी चित्रपट अनेकांनी पाहिले असतील. ‘मानिनी’तील नायिका श्रीमंत माहेर सोडून गरीब घरी येते आणि माहेरच्या वैभवापुढे नवऱ्याचा मान राखते. पतिपत्नींनी एकमेकांचा मान राखणे हा विषय महादेवशास्त्र्यांना कोठे शोधावा लागला नव्हता. तो घरातच होता, आणि घराने त्याची किंमतही मोजली होती.

ती हकीकत अशी. मुक्तिलढ्याच्या ऐन भरात, ६ एप्रिल १९५५ रोजी, म्हापशास नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचे अधिवेशन भरावयाचे होते. सभास्वातंत्र्य तर नव्हतेच. अध्यक्षस्थानी बसणे म्हणजे तुरुंगाची वाट धरणे, हे सर्वांना ठाऊक होते. ते अध्यक्षपद महादेवशास्त्र्यांच्या पत्नी सुधाताई जोशी यांनी पत्करले. पुण्यातील घर मागे ठेवून त्या म्हापशास आल्या आणि पकडल्या गेल्या. त्यांची सुटका व्हावयास १९५९ साल उजाडावे लागले.

त्या काळात पुरुषाने तुरुंगात जावे आणि बाईने घर सांभाळावे, अशी रीत होती. अशा बायकांचे कौतुक आपण करतो, आणि ते योग्यच आहे. येथे मात्र उलट घडले. शास्त्रीपण धारण केलेल्या, परंपरेत मुरलेल्या या गृहस्थाने पत्नीला अडविले नाही. ती गेली आणि हे मागे राहिले. चार वर्षे हा काही थोडा काळ नव्हे. शिवाय त्याच वर्षी दोन्ही बाजूंची दारे बंद होत गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे महालातील पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्याच सुमारास रेल्वे थांबली आणि सप्टेंबरपासून गोव्यातील भारतीय वकिलातही बंद झाली. पत्रादेवीचे स्मारक पेडणेकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. त्या सीमेपलीकडे तुरुंगवासी माणसांची वाट पाहत किती घरे बसली होती, हे मात्र स्मारकावर लिहिलेले नसते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६० च्या दशकाच्या आरंभापासून महादेवशास्त्र्यांचे सगळे विखुरलेले छंद एका कामात येऊन मिळाले. ते काम म्हणजे ‘भारतीय संस्कृतिकोश’. तीर्थे, व्रते, सण, संत, ग्रंथ, जाती-जमाती, प्रांत, दैवते यांची माहिती अकारविल्हे दहा खंडांत मराठीत आणण्याचा हा उद्योग सुमारे दोन दशके चालला. त्यासाठी भारतभर प्रवास झाला. विद्यापीठे अशी कामे करतात तेव्हा कचेऱ्या असतात, अनुदाने असतात. येथे मुळाशी एका माणसाची आवड होती. कोशातील नोंदींत शास्त्राधार येतो, तसाच गावकऱ्याच्या तोंडचा आधारही येतो. लोकांच्या तोंडी काय आहे याची किंमत आंबेड्याच्या मुलाला ग्रंथ वाचून कळावयाची नव्हती.

मोठ्यांसाठी एवढे केल्यावर त्यांनी ‘मुलांचा संस्कृतिकोश’ही सिद्ध केला. आजोबाच्या मांडीवर बसलेल्या नातवाला न कळेल असे ज्ञान या शास्त्र्याला अपुरे वाटत असावे. शास्त्र्यांचा हा गुण तसा दुर्मिळच! ‘आत्मपुराण’ या आत्मचरित्रात त्यांची स्वतःची वाटचाल वाचावयास मिळते. १२ डिसेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

शिक्षकांसाठी येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. डिचोली महालातील शाळेला संस्कृतीचा पाठ देण्यास दूर जावे लागत नाही. नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे, ज्याच्या जीर्णोद्धाराची आज्ञा शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये दिली. शिरगावी लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते, आणि धोंड निखाऱ्यांतून चालतात. पेडण्यास दशावतारी आहेत. चवथीला घरोघरी माटोळी बांधली जाते, आणि तिला बांधावयाच्या रानफळांची नावे व त्या झाडांच्या जागा बहुधा घरातील आजोबाच सांगू शकतात. त्यांना मृदंगही येतो, कलमही बांधता येते, व्रतकथाही पाठ असते. घरची मंडळी याला ‘म्हाताऱ्याचे छंद’ म्हणतात. अशी माटोळीची एक यादी आजोबांना विचारून मुलाने वहीत उतरविली, तर संस्कृतिकोशातील एखादी नोंद कशी तयार होते हे त्याला प्रत्यक्षच कळेल. पुढच्या चवथीच्या आधी हे करता येण्यासारखे आहे. कोशाचे खंड ज्या शाळेच्या कपाटात आहेत, तेथे यादी झाल्यावर ती मुलांकरवी कोशाशी ताडून पाहावी; आणि कपाटाची किल्ली त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खिशात राहू नये.